वनराणीचा आवाज

नंदू घाडीच्या नोकरीत दोनच गोष्टी सांभाळायच्या असतात: मशीन बंद पडू द्यायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही. मुंबईतल्या मढच्या बंगल्यांमध्ये सिरियलींची शूटिंगं चालतात. तिथे लायटी पेटवायला जी जनरेटर व्हॅन लागते, तिचा हा ऑपरेटर. व्हॅन बंगल्याच्या मागच्या आवारात उभी करायची, केबल सोडायची, मशीन चालू करायचं आणि मग दिवसभर त्याच्या दबक्या घरघरीकडे एक कान लावून बसायचं. आतून कोणी 'रोल साउंड' ओरडलं की अख्ख्या आवारात खोकायचीसुद्धा चोरी. आता असा माणूस मोबाइलवर गेम खेळणार नाही तर काय पोथी वाचणार?

तर नंदू 'नागदुर्ग' खेळायचा. पन्नाशी उलटलेला, झुपकेदार मिशांचा, चारकोपच्या सोसायटीत गणपतीच्या मिरवणुकीत पुढे नाचणारा हा गडी. आणि गेममध्ये कोण? वनराणी! हिरवं लुगडं, कमरेपर्यंत केस, हातात औषधांचा बटवा. लढाईत जखमी होईल त्याला मुळी चाटवून उभं करायचं, हे तिचं काम. हा काही नंदूचा छुपा शौक वगैरे नव्हता हो. त्याच्या पोरीने, मानसीने, बाबाच्या फोनवर स्वतःसाठी ही वनराणी बनवली होती. पुढे तिला कॉलेज लागलं, स्वतःचा फोन आला, आणि वनराणी बापाच्या गळ्यात पडली. नंदूने एकदोनदा सहज खेळून बघितलं. मग काय, चिकटला तो चिकटलाच.

ज्यांनी असले गेम खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. यात एकट्याने काही होत नाही. कुठकुठली माणसं एकेक सोंग घेऊन येतात, टोळी करतात, मिळून गड सर करतात आणि मध्येमध्ये एकमेकांना मेसेज टाइप करत गप्पा मारतात. नंदू टोळी शोधत होता. यादीत एक नाव दिसलं, 'होय म्हाराजा', आणि नंदूचं बोट आपोआप तिथे पडलं. मालवणी माणूस, दुसरीकडे पडणारच कुठे! देवापुढे गाऱ्हाणं घालताना एकजण बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात, हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं.

पहिल्याच लढाईच्या आधी टोळीचा म्होरक्या पुढे आला. सोंगाचं नाव राखणदार. त्याने टाइप केलं, "बा देवा म्हाराजा! बारा गावच्या मालका! व्हाळापलीकडच्या म्हाताऱ्या! आज ह्या लेकरांनी जो काय बेत केलो आसा, तो तडीस ने रे म्हाराजा!" सगळ्यांनी धडाधड 'होय म्हाराजा' टाकलं. त्यात नागपूरचा एक पोरगा होता, एक बेळगावचा डॉक्टर होता. त्यांना अर्थबिर्थ काही ठाऊक नव्हता, पण म्हणत होते बिचारे मनापासून. नंदूचे हात मात्र थांबले. कारण 'व्हाळापलीकडच्या म्हाताऱ्या', म्हणजे ओढ्यापलीकडचा म्हातारा देव, हे शब्द जगात एकाच घरच्या गाऱ्हाण्यात आहेत, ते म्हणजे घाड्यांच्या. आणि ते येणारी माणसं सध्या दोनच. एक नंदू. दुसरा धाकू.

धाकू म्हणजे नंदूचा चुलतभाऊ, घाटकोपरला पिठाची गिरणी चालवणारा. दोघांचे बाप सख्खे भाऊ, एकाच कापडगिरणीत एकाच पाळीला. ही दोघं पोरं एका ताटात जेवून वाढली. आणि आता बोलणं बंद! का, तर मान. गावच्या जत्रेत गाऱ्हाणं घालायचा मान थोरल्या घराचा. नंदूचे वडील गेले तेव्हा तो नंदूकडे आला. नंदूने महिनाभर घोकलं, आरशासमोर म्हटलं, बायकोला 'होय म्हाराजा' म्हणायला बसवलं. आणि ऐन वेळी, सगळा गाव हात जोडून उभा असताना, अर्ध्यात विसरला. साफ पाटी कोरी. मागून धाकूने आवाज लावला आणि गाऱ्हाणं पुरं केलं. गावाने 'होय म्हाराजा' म्हटलं आणि सगळे जेवायला पांगले.

नंदू मात्र न जेवता एसटीत बसला. म्हणे, माझ्या तोंडातला घास काढला सगळ्या गावासमोर. अरे, घास कसला? तोंड रिकामंच होतं की तुझं! पण हे त्याला सांगणार कोण? धाकूने फोन केले, याने कापले. मग धाकूलाही राग आला. घाडी तोही, काही कमी नाही. झालं, दोन्हीकडून दारं बंद.

आणि आता हा असा भेटला. नंदूने टोळी सोडायला पाहिजे होती. सोडली नाही. उलट दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर! राखणदाराला तलवार लागली की वनराणी पळत जाऊन आधी त्यालाच मुळी चाटवायची. बेळगावचा डॉक्टर मरून पडला तरी चालेल. ओळख लपवायची म्हणून नंदू अगदी शुद्ध, पुस्तकी मराठी लिहायचा, सोसायटीतल्या पद्मजाबाई बोलतात तसली. "काळजी करू नका हं, मी आहे ना." एकदा तर भरात 'अय्या' लिहून गेला आणि नंतर तासभर मिशीवर हात ठेवून बसून राहिला. धाकूला काही म्हणजे काही संशय आला नाही. तो सरळ 'ताई' म्हणायला लागला.

गिरणीच्या धडधडाटात धाकूला फोनवर बोलता येत नाही आणि शूटिंगच्या चिडीचूपमध्ये नंदूला. त्यामुळे टाइप करायला दोघेही मोकळे. दोनेक वर्षं हे असं चाललं. धाकू ताईला सगळं सांगायचा. गुडघा दुखतो, जात्याच्या दगडाला टाकी लावून घ्यायचीय, बायको भाजीत मीठ कमी घालते. भाऊबीजेला तर कहरच. राखणदाराने वनराणीला सोन्याची ढाल पाठवली आणि खाली लिहिलं, "ताई, ओवाळणी. माका भैण नाय." मिशाळ नंदू केबलच्या गुंडाळीवर बसून त्या ढालीकडे बघत राहिला. घरी गेल्यावर सुलक्षणाने, त्याच्या बायकोने, विचारलं, "अहो, डोळे का लाल?" तर म्हणाला, "डिझेलचा धूर."

मग एका दुपारी धाकूने आपणहून लिहिलं, "ताई, माका एक भाव होतो."

"होते म्हणजे? वारले का?" नंदूने लिहिलं. काय हा माणूस! स्वतःचीच चौकशी.

"नाय ओ. चांगलो धडधाकट आसा. बोलणा नाय."

"मग तुम्हीच बोलून टाका की."

"बोललंय असतंय. फोन कापता तो. आता माका भिया वाटता."

ते वाचताना नंदूचा मशीनवरचा कान सुटला. घरघर बदलली ती त्याला कळलीच नाही, आणि आत नवरीच्या मांडवपरतणीच्या ऐन सीनमध्ये अंधार गुडुप. प्रॉडक्शनच्या माणसाने त्याच्या सात पिढ्या काढल्या. नंदू मान खाली घालून ऐकत होता, पण खरं सांगायचं तर तो ऐकत नव्हता. सारखं वाटत होतं की संध्याकाळी फोन लावावा. संध्याकाळ झाली, आणि लावला नाही. लावून सांगणार काय? तुझी ताई म्हणजे मीच, म्हणून?

असं सगळं मजेत चाललेलं असताना 'नागदुर्ग दोन' आला.

टोळीत नुसती धमाल उडाली. नवे गड, नवे नाग, समुद्र, होड्या! जुनं सोंग जसंच्या तसं नव्या भागात नेता येणार. नागपूरचा पोरगा म्हणाला, "एकदम झकास आहे यार, काका-मावशी सगळ्यांनी चला." नंदू तेवढा नाही म्हणायला लागला. म्हणे, फोनमध्ये जागा नाही. म्हणे, बॅटरी खातो. म्हणे, दुसऱ्या भागात पहिल्याची मजा कधी असते का, उगाच पाणी घालून वाढवलेली आमटी. मनातून त्या समुद्रासाठी जीव टाकत होता, हे वेगळं. खरं कारण एकच होतं. नव्या भागात लढाया इतक्या वेगाच्या, की टाइप करायला सवडच नाही. तिथे सगळे बोलतात. माईक चालू केल्याशिवाय टोळीत उभं राहता येत नाही.

धाकूने तर गळच घातली. "ताई, तुमी येवकच व्हया. आयतवारी पयली लढाई. इतक्या वर्सांत तुमचो आवाज आयकाक नाय, तो तरी आयकाक मेळात."

वाट लागली! गेलं तर आवाज ऐकताच धाकूला कळणार. दोन वर्षं ताई म्हणून ज्याच्याकडे मन मोकळं केलं, तो नंद्या निघाला म्हणजे तो आयुष्यात पुन्हा तोंड बघणार नाही. आणि नाही गेलं तर टोळी निघून जाणार, धाकूही जाणार, आणि होती नव्हती तेवढी वाटसुद्धा बुजणार. भाऊ तर गमावलाच होता, आता भावाची ताईसुद्धा गमवायची पाळी. नंदूला जेवण जाईना.

शेवटी त्याने घरात सांगितलं. सुलक्षणा चपात्या लाटत होती, मानसी ओट्याला टेकून फोनवर. नंदूने सुरुवात केली आणि ओवाळणीपर्यंत आला, तेव्हा सुलक्षणाने लाटणं खाली ठेवलं.

"म्हणजे धाकूभावजी तुम्हाला ताई म्हणतात?"

"हो."

"आणि तुम्ही ओवाळणी घेतलीत?"

"घेतली म्हणजे... ढाल होती."

झालं! ती जी हसायला लागली ती खुर्चीतच बसली. मानसी तर फरशीवर. "बाबा, तू लेजंड आहेस!" नंदू बिचारा तोंड पाडून उभा. हसून झाल्यावर मानसीने उपाय काढला: आवाज बदलणारं अॅप. बाबाने बोलायचं, पलीकडे बाईचा आवाज ऐकू जाणार. करून बघितलं. नंदू म्हणाला, "काळजी करू नका हं," आणि फोनमधून घसा बसलेल्या कोंबडीने तेच सांगितलं. मग मानसी म्हणाली, मीच बोलते. पण ती पद्मजाबाईंसारखं बोलायला लागली की हिंदी सिरियलमधलं मराठी वाटतं. नंदूने बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नका," सुलक्षणा म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. "माझा आवाज ते झोपेत ओळखतील. जाऊबाईंशी दर सणाला फोनवर बोलते मी, तुमच्या पाठीमागे. तिकडे ती विचारते, भावजी कसे आहेत. इकडे मी सांगते, बरे आहेत. आणि तुम्ही दोघे रोज बोलता, तेही खोटं नाव लावून! एवढं औषध वाटत फिरता ना तिथे? मग घरात काय झालंय तुम्हाला?"

 त्या दिवशी चपात्या करपल्या.

रविवार आला. नंदूने ठरवलं, जायचं नाही. आपला पहिला भाग बरा. सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा घेऊन खिडकीत बसला आणि जुना 'नागदुर्ग' उघडला. गडाच्या दरवाजात वनराणी उभी राहिली. चिटपाखरू नाही. नाग फिरत होते, झेंडे फडफडत होते, गाणंबिणं सगळं चालू होतं. नंदूने टाइप केलं, "कुणी आहे का?" कोणी नव्हतं. वनराणीने आपली बटव्यातली एक मुळी काढली, इकडेतिकडे बघितलं, परत ठेवली. औषध देणाऱ्याला जखमी माणूस तर लागतो ना! स्वतःलाच किती वेळ चाटवणार? नंदूला एकदम इतकं एकटं वाटलं की चहाचा कप हातातच राहिला. बाजूच्या खोलीत बायको, पोरगी, खाली सोसायटीत ओळखीची शंभर माणसं, आणि हा गडी गडाच्या दारात रडकुंडीला आलेला.

"गेला खड्ड्यात मान," तो मोठ्याने म्हणाला, आणि 'नागदुर्ग दोन' उतरवायला लावला. फोनमध्ये जागा होती. भरपूर होती.

समुद्र खरंच झकास होता, पण बघायला उसंत कुठे? लढाई सुरू झालेली. माईक बंद ठेवून आत शिरावं म्हणून बघितलं, तर गेमने सोडलं नाही. कानात एकदम सगळ्यांचे आवाज घुसले. नागपूरचा पोरगा किंचाळत होता, डॉक्टर कानडीत कोणालातरी शिव्या घालत होता, आणि या सगळ्याच्या मागे गिरणीचा धडधडाट. मग तो आवाज. जत्रेत मागून आला होता, तोच.

"ताई इली! ताई, हयसर येवा! मी पडलंय, मी पडलंय! औषध!"

राखणदार होडीत आडवा पडला होता आणि नाग त्याच्यावर फणा काढून उभा. नंदूने विचार केला असता तर तोंड उघडलंच नसतं. पण विचार करायला वेळ नव्हता, ते एक बरं झालं.

"थांब रे धाकू! इलंय मी!"

राखणदार उठून उभा राहिला. पण हलेना. नाग डंख मारतोय, हा आपला उभाच. कानात बाकीचे ओरडत होते, "धाकू कोण? मावशी, हा कोणाचा आवाज?" मागचा धडधडाट हळूहळू मंदावला, पट्ट्याची फटफट झाली आणि थांबली. रविवारची सकाळ, दळणाची एवढी गर्दी, आणि धाकूने गिरणी बंद केली होती. नंदू वाट बघत राहिला. 

मग राखणदार पडद्यावरून निघून गेला.

त्या दिवशी तो परत आला नाही. नंदूने फोन लावला, दोनदा. धाकूने कापला. "आता कळलं कसं वाटतं ते?" सुलक्षणा म्हणाली, पण हळू आवाजात म्हणाली आणि ताटात एक बोंबील जास्त वाढला.

दुसऱ्या दिवशी मढला काम होतं. आत सासूसुनांचं भांडण चाललेलं, बाहेर नंदू व्हॅनच्या सावलीत. फोन खिशातच होता, काढायची इच्छा नव्हती. तेवढ्यात फाटकातून धाकू आत आला. घाटकोपरहून मेट्रो, मग वर्सोव्याहून फेरीबोट, असा सगळा प्रवास करून आलेला. भुवयांत पीठ तसंच, हातात कापडी पिशवी. किती वाळला होता! मेसेजमधून माणूस वाळलेला कळत नाही. नंदू उभा राहिला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतून आरोळी आली, "रोल साउंड!"

झालं, दोघेही गप. धाकू एका पालथ्या खोक्यावर बसला. नंदू केबलच्या गुंडाळीवर. आत सासू ओळ चुकली. पुन्हा रोल. सून चुकली. पुन्हा रोल. इतकी वर्षं न बोललेल्यांना बोलायचं होतं तर हा घोळ! धाकू समोर बघत होता, जनरेटरकडे, जसं काही मशीन बघायलाच आलाय. नंदूने पाण्याची बाटली पुढे केली. धाकूने ती घेतली, प्यायला, झाकण घट्ट लावून परत दिली.

"कट!" आतून आलं, आणि आवारात कलकलाट झाला.

"धाकू," नंदू म्हणाला, "माका तुका सांगूचा होता..."

"तुझ्याशी माका बोलूचा नाय," धाकू म्हणाला. मान वळवली नाही. "वैनीकडसून पत्तो घेतलंय, तो ताईक भेटूसाठी. तुझ्यासाठी नाय."

 नंदू गुंडाळीवर सावरून बसला आणि म्हणाला, "बोला."

धाकूने घसा साफ केला. "ताई, तुमका एक इचारूचा होता. आमच्या पोरीचा, चेडवाचा, लगीन ठरला. आता आमच्यात पयली अक्षत देवाक आणि दुसरी थोरल्या घराक. देवाक देवन इलंय. थोरल्या घरात तो भाव आसा, तुमका सांगितलंलंय तो. आता मी अक्षत घेवन तेच्या दारात गेलंय, आणि तेणा दार लावून घेतल्यान तर? माझा चेडू थोरल्या घराच्या आशीर्वादाबिगर बोहल्यार चढतला. म्हणान इचारतंय. जाव काय नको जाव?"

आत मेकअपवाला कोणावर तरी ओरडत होता. कोणीतरी चहाचे ग्लास घेऊन गेलं. नंदूची मिशी थरथरत होती, आणि ती लपवायला तिथे काही नव्हतं. पण ताईने उत्तर द्यायला पाहिजे होतं. ताईकडे आलेल्या माणसाला ताईने कधी तसंच परत पाठवलं नव्हतं.

"जाऊन या तुम्ही," तो आपल्या घोगऱ्या आवाजात, अगदी पद्मजाबाईंच्या मराठीत म्हणाला. "चुकला तो. त्याचं त्यालाही कळलंय. दार नाही लावणार हं."

"नक्की?"

"नक्की."

धाकूने मान डोलावली.  मग पिशवीत हात घालून कुंकू लावलेल्या तांदळाची पुडी काढली, सोडली, आणि पहिल्यांदाच वळून बघितलं.

"मगे हात पुढे कर, नंद्या," तो म्हणाला.